इंदूरच्या गच्चीवरून मृगातला तेजोमेघ: ताऱ्यांच्या रेघा कशा गेल्या

गेल्या जानेवारीत गच्चीवर ट्रायपॉड, त्यावर ट्रॅकर (आकाशाच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) आणि १३५ मिमीची लेन्स लावून बसलो. मृगातल्या बाणाच्या खालचा तेजोमेघ, म्हणजे एम ४२ क्रमांकाचा वायू-धुळीचा ढग, टिपायचा होता. दोन-दोन मिनिटांचे एक्सपोजर दिले, तर प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट, आणि शहराच्या उजेडानं आकाश चहाच्या रंगाचं!

आधी ट्रॅकरलाच दोष दिला. चूक माझी होती. मी ध्रुवतारा ध्रुव-दुर्बिणीच्या (ट्रॅकर ध्रुवाकडे रोखायच्या छोट्या दुर्बिणीच्या) बरोब्बर मधोमध आणत होतो. पण ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून, म्हणजे ज्याभोवती आकाश फिरताना दिसतं त्या बिंदूपासून, सुमारे ४० कला (६० कला म्हणजे एक अंश) बाजूला असतो. त्याला दुर्बिणीतल्या वर्तुळावर, त्या वेळच्या जागी बसवायचं असतं. ती जागा मोबाइलवरचं अ‍ॅप दाखवतं. त्यात इंदुरात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर, म्हणजे थेट शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. सगळा संसार गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवला. आई म्हणाली, "अरे, पापडसुद्धा एवढ्या जागा बदलत नाहीत."

चहाच्या रंगाला उपाय वेगळा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ८००, ३० सेकंदांचे १२० फोटो, एकूण एक तास. मग डीप स्काय स्टॅकर या फोटो एकावर एक रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र. तेजोमेघाचा गाभा तरी जळून पांढरा होत होता, म्हणून ५ सेकंदांचे थोडे वेगळे घेतले आणि मध्यभागी मिसळले. पहाटे लेन्सवर दव धरायचं, तिथे यूएसबीवर चालणारा गरम पट्टा गुंडाळला.

आता तारे ठिपके आहेत, आणि गुलाबी पंख दिसतोय.