फ्लिप्ड क्लासरूम: विद्यार्थी व्हिडिओ न पाहताच वर्गात येतात, त्यावर लागू पडलेला उपाय

फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे लेक्चर घरी, सराव वर्गात. तसं मी थर्मोडायनॅमिक्सचं लेक्चर व्हिडिओवर दिलं, वर्गाचा वेळ गणितांसाठी ठेवला. पण निम्मा वर्ग व्हिडिओ न पाहताच यायचा. व्हिडिओ छोटे केले, हजेरीला गुण जोडले. फरक पडला नाही. मग तासाच्या सुरुवातीला सारांश सांगू लागलो, ती सर्वांत मोठी चूक. सारांश मिळतोय म्हटल्यावर व्हिडिओ कोण पाहणार? अख्खं सत्र असं गेलं, फार वाईट वाटलं.

शेवटी जमलेला क्रम असा. आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ, त्याखाली तीन प्रश्न. तिसरा कायम ‘काय कळलं नाही?’. उत्तरं आदल्या रात्री ९ पर्यंत. ती वाचूनच मी तास आखतो. वर्गात सारांश अजिबात नाही, थेट बहुपर्यायी प्रश्न (उदा. रुद्धोष्म प्रसरणात, म्हणजे उष्णता आत-बाहेर न जाता वायू पसरताना, तापमान का उतरतं?), प्रत्येकाने आधी न बोलता उत्तर द्यायचं. ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी दोन मिनिटं चर्चा, मग पुन्हा उत्तर. ही हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांची पीअर इन्स्ट्रक्शन (एकमेकांकडून शिकण्याची) पद्धत. ३० च्या खाली गेलं तरच मी फळ्यावर समजावतो. व्हिडिओ न पाहिलेले मागच्या बाकावर हेडफोन लावून तो आधी पाहतात, मगच गटात येतात.

तिसऱ्या आठवड्यापासून मागचे बाक रिकामे राहू लागले.