पेरू-बोलिव्हियाची टूर घेताना आधी मुक्कामांचा क्रम बघा

छोट्या ग्रुपची दक्षिण अमेरिका टूर ठरवताना हॉटेलं, जेवण नंतर बघा; आधी मुक्काम कोणत्या क्रमाने आहेत ते विचारा. लिमा समुद्रकाठी. तिथून विमानाने कुस्कोला उतरलात की थेट ३,४०० मीटर उंचीवर, विरळ हवेत! डोकं ठणकतं, झोप लागत नाही, हॉटेलचा एक जिना चढताना धाप लागते. चांगला आयोजक विमानतळावरून सरळ खाली, उरुबांबा किंवा ओयांताइताम्बोला (सुमारे २,८०० मीटर) मुक्कामाला नेतो, माचू पिचू (२,४३०) दाखवतो आणि मगच कुस्कोला आणतो. तोवर शरीर रुळतं आणि पुढचं टिटिकाका सरोवर (३,८१०), ला पाझ शहर, उयुनीचं मिठाचं मैदान झेपतं. कार्यक्रम उलटा असेल तर पैसे भरण्याआधीच बदल मागा. दहा-बारा जणांच्या ग्रुपमध्ये एकट्यासाठी मुक्काम वाढवता येत नाही. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बुकिंग नकोच.

कोकाच्या पानांचा चहा तिथे हॉटेलात सहज मिळतो. पण पानं किंवा टी-बॅग घरी आणू नका, आपल्या अमली पदार्थ कायद्यात ती बसतात.

आणि यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. पेरू, बोलिव्हिया, ब्राझीलहून भारतात परतताना या लसीचं प्रमाणपत्र (पिवळं कार्ड) नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.