कपॅसिटर आणि लहान रेझिस्टन्स मोजणारा घरगुती मीटर : या चुका टाळा

सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर किंवा एलईडी टीव्हीचा पॉवर सप्लाय बंद पडला की पहिला संशय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर जातो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. असा कपॅसिटर साध्या मल्टिमीटरवर लावला, तर त्याचे मायक्रोफॅरड अनेकदा ठीक दिसतात, कारण बिघाड त्याच्या अंतर्गत सिरीज रेझिस्टन्समध्ये, म्हणजे ईएसआरमध्ये असतो : तो वाढलेला असतो. हा ईएसआर आणि त्याच जोडीने ओहमच्या अंशातले रेझिस्टन्स मोजणारा मीटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी सहज बनवता येतो. मात्र तो चुकीचे आकडे दाखवू लागला की बहुतेक जण आधी आयसी बदलतात. खरा दोष बहुधा तारांमध्ये, क्लिपांमध्ये आणि मीटर नेमके काय मोजतो आहे याविषयीच्या गैरसमजात असतो.

सर्वांत आधी सुरक्षिततेविषयी, कारण इथली चूक मीटरपुरती मर्यादित राहत नाही. 230 व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसच्या (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायच्या) मुख्य कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी साठते आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकते. स्क्रूड्रायव्हरने टोके शॉर्ट करण्याची सवय घातक आहे. त्याऐवजी 2.2 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांनी काही सेकंद जोडावा आणि उरलेला व्होल्टेज मल्टिमीटरने तपासूनच हात लावावा. मीटरच्या इनपुटलाही किमान 400 व्होल्टचा, डीसी अडवणारा ब्लॉकिंग कपॅसिटर आणि त्यामागे एकमेकांना उलटे जोडलेले दोन डायोड असावेत. मोजणीचा सिग्नल 0.2 व्होल्टच्या आत ठेवला, तर हे डायोड मोजणीत लुडबुड करत नाहीत आणि बोर्डावरची सिलिकॉन जंक्शनेही सुरू होत नाहीत, म्हणून बहुतेक कपॅसिटर न काढता जागेवरच तपासता येतात.

लहान रेझिस्टन्स मोजताना सर्वाधिक फसवणूक होते ती दोन तारांच्या जोडणीत. साध्या प्रोबच्या तारा आणि त्यांचे सॉकेट मिळून 0.1 ते 0.5 ओहम सहज भरतात, म्हणजे 0.05 ओहमचा शंट (करंट मोजण्यासाठी लावलेला लहान रेझिस्टर) मोजताना आपण प्रत्यक्षात तारच मोजत असतो. झीरो अ‍ॅडजस्ट केल्याने हा दोष पूर्ण जात नाही, कारण संपर्काचा रेझिस्टन्स क्लिप दाबताना दर वेळी बदलतो. यावर उपाय केल्विन पद्धतीचा आहे : दोन तारांतून ठरावीक करंट सोडायचा आणि व्होल्टेज दुसऱ्या दोन तारांनी मोजायचा. एलएम317 ही आयसी आणि 12.5 ओहमचा रेझिस्टर वापरून 100 मिलिअँपिअरचा स्थिर करंट मिळतो, मग 0.1 ओहमवर 10 मिलिव्होल्ट दिसतात आणि मल्टिमीटरचा 200 मिलिव्होल्टचा रेंज पुरेसा ठरतो. पण चार तारा लावल्या म्हणजे केल्विन जोडणी झाली, असे नाही. साधी मगरक्लिप जवळून पाहा : तार एकाच जबड्याला सोल्डर केलेली असते आणि दुसरा जबडा मधल्या रिव्हेट व स्प्रिंगमधून पहिल्याला जोडलेला असतो. करंटची आणि व्होल्टेजची तार अशा क्लिपच्या शेपटीपाशीच एकत्र जोडली, तर क्लिपचा सगळा संपर्क रेझिस्टन्स मोजणीत शिरतो. दोन्ही जबडे एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग असायला हवेत, म्हणजे त्यांची भेट थेट मोजायच्या भागाच्या पायावरच होते. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) हे सर्किट बांधून मिलिओहम मोजण्याचा प्रयत्न करूच नये.

आता ईएसआरच्या आकड्यांविषयी, कारण चांगले कपॅसिटर कचऱ्यात जातात ते इथेच. घरगुती मीटर साधारण 100 किलोहर्ट्झवर चालतो आणि तो शुद्ध ईएसआर नव्हे, तर एकूण इम्पिडन्स, म्हणजे ईएसआर आणि कपॅसिटरचा स्वतःचा एसीला होणारा अडथळा (रिअ‍ॅक्टन्स) मिळून होणारा अडथळा दाखवतो. या फ्रिक्वेन्सीला 100 मायक्रोफॅरडचा रिअ‍ॅक्टन्स 0.016 ओहम इतका नगण्य असतो, 10 मायक्रोफॅरडचा 0.16 ओहम असतो, पण 1 मायक्रोफॅरडचा तो 1.6 ओहम होतो. त्यामुळे 1 मायक्रोफॅरडचा उत्तम फिल्म कपॅसिटरही या मीटरवर नापास दिसेल. घरच्या पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर याच कारणाने ईएसआर मीटरवर तपासू नये. पंखा मंद फिरत असेल, तर त्याचा कपॅसिटन्सच मोजावा. शंका असल्यास तेवढ्याच मायक्रोफॅरड आणि व्होल्टचा नवा कपॅसिटर शेजारी ठेवून तुलना करणे, हे इंटरनेटवरच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक भरवशाचे आहे.

याच्या उलट चूकही होते. पूर्ण शॉर्ट झालेला कपॅसिटर ईएसआर मीटरवर अत्युत्कृष्ट दिसतो, कारण मीटरला फक्त कमी इम्पिडन्स कळतो. म्हणून कमी आकडा आला, तरी मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर शॉर्ट आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. तसेच दोन-तीन कपॅसिटर समांतर असतील, तर त्यांतला चांगला कपॅसिटर खराब जोडीदाराला लपवतो. अशा वेळी एक पाय सोडवावाच लागतो.

कॅलिब्रेशनसाठी घरात पडलेले वायरवाउंड रेझिस्टर वापरू नयेत. ते मुळात गुंडाळ्याच असतात आणि 100 किलोहर्ट्झला केवळ 1 मायक्रोहेन्रीचे 0.63 ओहम होतात. 1 टक्का टॉलरन्सचे 1 ओहमचे दहा मेटल फिल्म रेझिस्टर आखूड पाय ठेवून समांतर जोडले, की 0.1 ओहमचा विश्वासार्ह संदर्भ मिळतो. प्रोबच्या तारांनाही हेच लागू आहे : त्या आखूड असाव्यात आणि एकमेकींभोवती पिळलेल्या असाव्यात.

अ‍ॅम्प्लिफायर म्हणून एलएम358 ही आयसी बसवण्याचा मोह आवरावा. तिची बँडविड्थ सुमारे 1 मेगाहर्ट्झ आहे, त्यामुळे 100 किलोहर्ट्झला दहापटीच्या वर गेन मागितला की ती दमते. टीएल072 किंवा एनई5532 इथे योग्य ठरतात. अर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरणाऱ्यांनी आधी साधा हिशेब करावा : 5 व्होल्टच्या संदर्भावर त्याच्या 10 बिटांच्या कन्व्हर्टरची एक पायरी जवळपास 4.9 मिलिव्होल्टची पडते, तर 10 मिलिअँपिअरच्या करंटवर 0.1 ओहमचा सिग्नल 1 मिलिव्होल्टच असतो, म्हणजे तो अर्डुइनोला दिसतच नाही. करंट वाढवावा किंवा एडीएस1115 सारखा 16 बिटांचा कन्व्हर्टर जोडावा.

कपॅसिटन्स मोजण्यासाठी 555 टायमर आयसी (चार्ज व्हायला लागणाऱ्या वेळेवरून मोजणी) वापरणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते की जुना इलेक्ट्रोलिटिक प्रमाणाबाहेर मोठा दिसतो किंवा मोजणी संपतच नाही. कारण चार्जिंग रेझिस्टर 1 मेगाओहमसारखा मोठा असेल, तर त्यातून येणारा मायक्रोअँपिअरभर करंट कपॅसिटरच्या स्वतःच्या लीकेजमध्येच (आतून होणाऱ्या करंटच्या गळतीतच) जिरतो. मोठ्या कपॅसिटरसाठी 1 किलोओहम घ्यावा. 1000 मायक्रोफॅरडला तेवढ्याने 1.1 सेकंद लागतो आणि लीकेजचा परिणाम नगण्य राहतो. पिकोफॅरडच्या रेंजमध्ये मात्र मोठा रेझिस्टर लागतोच. तिथे आधी मोकळ्या क्लिपांचा आकडा नोंदवून तो प्रत्येक मोजणीतून वजा करावा.

मुंबईच्या पावसाळ्यात या सगळ्याला दमटपणाची भर पडते. बोर्डावर राहिलेला फ्लक्स ओलावा धरतो आणि पिकोफॅरडचे आकडे तासातासाला सरकू लागतात, म्हणून सोल्डरिंगनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड घासून वाळवावा. क्लिपा आणि सॉकेट काळवंडले की झीरो स्थिर राहत नाही. त्यांवर बारीक पॉलिश पेपर फिरवावा, आणि जून ते सप्टेंबर मीटर सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवून, दर वापरापूर्वी 0.1 ओहमचा संदर्भ लावून आकडा जुळतो का, ते पाहावे.