जामीन मिळाला, पण खारघरला जाता येईल का? अमली पदार्थांच्या केसमधल्या प्रवासाच्या अटी आणि या चुका टाळा

"वकीलसाहेब, सुटला ना आता पोरगा? मग गणपतीला गावी नेऊ ना?"

जामिनाची ऑर्डर झाली की आरोपीच्या आईचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. मी उलट विचारतो, "ऑर्डर वाचली का?" त्यावर मोबाइल पुढे येतो. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेला शेवटच्या पानाचा तिरका फोटो, आणि त्यावर भाच्याने लिहिलेलं "बेल झाली". अटी त्याच्या आधीच्या पानावर असतात आणि ते पान कुणी पाठवलेलंच नसतं.

ठाण्याच्या कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की प्रवासाची अट मोडणारे बहुतेक जण पळून जाणारे नसतात. ते कामाला, लग्नाला, दवाखान्यात निघालेले असतात. अटीत आखलेली रेघ नेमकी कुठे आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

इतर गुन्ह्यांत अशी चूक एखादवेळी माफीवर निभावते. एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या केसमध्ये, तसं धरून चालू नका. माल व्यावसायिक प्रमाणात असेल (एमडी म्हणजे मेफेड्रोन ५० ग्रॅम, कोकेन १०० ग्रॅम, हेरॉइन २५० ग्रॅम, चरस १ किलो, गांजा २० किलो यांहून जास्त) तर १९८५ च्या कायद्याचं कलम ३७ आडवं येतं. सरकारी वकिलांचा विरोध असेल तर आरोपी दोषी नसावा आणि बाहेर राहून पुन्हा गुन्हा करणार नाही, असं मानायला वाजवी आधार आहे, याबद्दल कोर्टाचं समाधान व्हावं लागतं. एवढ्या दिव्यातून मिळालेला जामीन रद्द झाला की त्याच पायऱ्या पुन्हा चढायच्या, आणि या वेळी अट मोडल्याचा शेरा कपाळावर घेऊन.

'ठाणे' म्हणजे नक्की कुठलं ठाणे?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपल्याकडे पोलिसांची हद्द, महापालिकेची हद्द आणि जिल्ह्याची हद्द या तीन रेघा एकमेकींवर बसतच नाहीत.

ऑर्डरमध्ये "ठाणे जिल्ह्याबाहेर जाऊ नये" असं असेल, तर दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर इथपर्यंत हरकत नाही. बेलापूरनंतरचं स्टेशन खारघर, आणि ते रायगड जिल्ह्यात. कळंबोली, कामोठे, पनवेल, तळोजा, उलवे ही सगळी रायगडची. पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचंच असल्यामुळे लोकांना वाटतं आपण आपल्याच हद्दीत आहोत. गंमत अशी की तळोजा जेलसुद्धा रायगडात. तिथून सुटलेला माणूस फाटकाबाहेर पाऊल टाकतो तेव्हाच ठाणे जिल्ह्याबाहेर असतो!

दुसऱ्या बाजूला ठाण्यानंतरचं मुलुंड स्टेशन मुंबई उपनगर जिल्ह्यात. ऐरोलीचा पूल उतरलात की तेच. वाशीच्या खाडीपलीकडे मानखुर्द, तिथेही मुंबईच. कसाऱ्याचा घाट चढलात की नाशिक जिल्हा. घोडबंदरवरून पुढे खाडी ओलांडली की वसई, आणि ती २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. मीरा-भाईंदरचं उलटं आहे. पोलीस आयुक्तालय वसई-विरारबरोबर, जिल्हा मात्र ठाणे.

माझ्या ओळखीतल्या एका केसमधला मुलगा कळव्याचा, कामाला कामोठ्यात डिलिव्हरीवर. पोलीस स्टेशनची हजेरी एकदाही चुकवली नाही. सरकारी पक्षाने जामीन रद्दीच्या अर्जाला काय जोडावं? त्याच्या बाइकची तीन ई-चलानं, तिन्ही पनवेल परिसरातली. हेल्मेट नव्हतं म्हणून फाटलेली चलानं शेवटी हद्द ओलांडल्याचा पुरावा झाली. फास्टॅगच्या नोंदी, मोबाइलचं टॉवर लोकेशन, लोणावळ्याची रील, सगळं याच माळेतलं.

म्हणून अटीतला नेमका शब्द वहीत उतरवून घ्या: जिल्हा, आयुक्तालयाची हद्द, विशेष न्यायालयाचं कार्यक्षेत्र, महाराष्ट्र राज्य की भारत देश. प्रत्येकाचं वर्तुळ वेगळं. नोकरी रेघेपलीकडे असेल तर ते जामिनाच्या सुनावणीतच वकिलाच्या तोंडून कोर्टाच्या कानावर घाला, नाहीतर लगेच अट बदलून घ्यायचा अर्ज करा. कधी अटीच एकमेकींशी भांडतात. केस एनसीबीची (केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाची) असली तर हजेरी त्यांच्या मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसात, आणि वरच्याच ओळीत "ठाणे जिल्हा सोडू नये". 'हजेरीपुरती मुभा असेलच की' असं आपणच ठरवू नका, कोर्टाकडून खुलासा करून घ्या.

'साहेबांना सांगून गेलो होतो'

हे वाक्य मी अगणित वेळा ऐकलंय. हजेरीला गेल्यावर हवालदार म्हणतो, जा रे, दोन दिवसांत ये. तो माणूस चांगला असेल, पण कोर्टाची अट सैल करायचा अधिकार त्याला नाही, तपास अधिकाऱ्यालाही नाही. उद्या बदली झाली की नवे साहेब रजिस्टर बघतील, आणि रजिस्टरमध्ये तुमची फक्त गैरहजेरी असेल. अट "पोलिसांना कळवून जावे" एवढीच असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही लेखी पत्र द्यायचं आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा.

अर्ज कुठे करायचा यावरही गफलत होते. जामीन हायकोर्टाने दिला, पण अटीत "विशेष न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय" असं लिहिलंय, तर एकेका प्रवासाची परवानगी ठाण्याच्या त्या कोर्टात मागायची. अटच कायमची बदलायची असेल तर सहसा ती घालणाऱ्या कोर्टाकडे जावं लागतं.

आणि वेळ. अर्ज टाकला की कोर्ट त्यावर सरकारी पक्षाचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. सरकारी वकील तपास अधिकाऱ्याला विचारतात, अधिकारी बंदोबस्तात असतो, से पुढच्या तारखेला येतो, त्या दिवशी न्यायाधीश रजेवर. कोकणच्या गाडीचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि लोक ते पहाटे उठून काढतात, पण कोर्टाचा अर्ज मात्र हरतालिकेच्या आदल्या दिवशी घेऊन येतात. भाद्रपदातल्या प्रवासाचा अर्ज आषाढातच टाका. त्यात जायची-यायची तारीख, मुक्कामाचा पत्ता, सोबत कोण आणि चालू मोबाइल नंबर हवाच. कारणाचा कागद जोडा. पत्रिका, दवाखान्याची चिठ्ठी, कंपनीचं पत्र, जे असेल ते. "कौटुंबिक कारण" एवढ्याच दोन शब्दांवर परवानगी मिळाल्याचं मी क्वचित पाहिलंय.

जवळच्या माणसाचा मृत्यू झाला तर एवढा अवकाश नसतो. तेव्हा वकिलाने त्याच दिवशी तातडीचा अर्ज ठेवून सुनावणी मागायची. कोर्टाला सुट्टी असेल तर ड्युटीवरच्या न्यायाधीशांसमोर जायचं.

आता माझी स्वतःची चूक. वकिलीच्या सुरुवातीला एका अशिलाला बारा दिवसांची परवानगी मिळवून दिली आणि फुशारून गेलो. त्या बारा दिवसांतच केसची तारीख होती. प्रवासाची परवानगी म्हणजे तारखेची माफी नव्हे, गैरहजेरीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. मी दिला नव्हता. पुकारा झाला, आरोपी नाही, अजामीनपात्र वॉरंट निघालं. ते रद्द करून घेताना न्यायाधीशांनी अशिलाकडे न बघता माझ्याकडे बघितलं होतं. तेव्हापासून दोन्ही अर्ज एकाच वेळी टाइप करतो.

पासपोर्ट

"पासपोर्ट असल्यास जमा करावा" या अटीत 'असल्यास' शब्दावर लोक निवांत होतात. मुदत संपलेला, कपाटात पडलेला जुना पासपोर्टसुद्धा पासपोर्टच. तो जमा करा. मुळात कधी काढलाच नसेल किंवा हरवला असेल, तर तसं प्रतिज्ञापत्र द्या. पोलिसांकडे जमा करताना नंबर घातलेली पोचपावती घ्या, आणि अट पाळल्याची पुरसिस (लेखी निवेदन) कोर्टात दाखल करा. रोजनाम्यात नोंद राहिली की पुढे वाद नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलंय की पोलीस पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतात, पण तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट कायद्याखाली पासपोर्ट अधिकाऱ्यांचाच आहे. हे अर्धवट वाचून काही जण जामिनाची अटच धुडकावतात. अट चुकीची वाटली तर तिला आव्हान द्यायचं, तोवर पाळायची.

नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये प्रलंबित केसच्या रकान्यात "नाही" लिहिणं म्हणजे नवीन गुन्हा ओढवून घेणं. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे फौजदारी केस चालू असलेल्यालाही कोर्टाच्या परवानगीने पासपोर्ट मिळू शकतो. मात्र आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एकच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच मुदत मागा.

परदेशी जायची परवानगी मिळाली, तरी लुकआउट सर्क्युलर, म्हणजे तुम्हाला देशाबाहेर जाताना अडवायची सूचना, आहे का हे पाहिलंत? तपास यंत्रणेने ते काढलेलं असेल तर इमिग्रेशनच्या काउंटरवर संगणक तेच दाखवतो. तिथल्या अधिकाऱ्यापुढे तुमची ऑर्डर फडकवून उपयोग होईलच असं नाही. प्रवासापुरतं सर्क्युलर स्थगित ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख आदेशात मागून घ्या, त्याची प्रमाणित प्रत यंत्रणेला वेळेत पोचवा आणि एक जवळ ठेवा. परत आल्यावर पासपोर्ट पुन्हा जमा करायची तारीख विसरणारेही कमी नाहीत. सामान उघडायच्या आधी ते काम.

लोकेशन शेअर करायची अट

काही जुन्या ऑर्डरींत गुगल मॅपवर पिन टाकून ठेवायची अट आहे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एनडीपीएसच्याच एका केसमध्ये ही अट काढून टाकली. जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावता येईल अशी अट घालता येणार नाही, असं त्यात म्हटलंय. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक आपल्या ठाण्याचे, याच कोर्टात त्यांनी वकिलीला सुरुवात केली. हे वाचून लगेच पिन बंद करू नका. तो आदेश त्या केसमधला. तुमच्या ऑर्डरमधली अट तुमचं कोर्ट काढेपर्यंत जिवंत आहे. निकालाची प्रत जोडून अर्ज करा, काम सहसा होतं.

जामीनदाराचा विचार तर कुणीच करत नाही. तो बहुधा मामा किंवा शेजारचे काका असतो. आरोपी तारखेला आला नाही तर बंधपत्राची रक्कम का भरून घेऊ नये, अशी नोटीस त्यांच्या दारात येते. घर बदललं, कळव्यातून दिव्याला राहायला गेलात, तर नवा पत्ता तपास अधिकारी आणि कोर्ट यांना लेखी द्या आणि त्याच दिवशी या मामांनाही फोन करा. समन्स जुन्या पत्त्यावरून परत गेल्यावर पोलीस आधी त्यांच्याच घरी जातात, आणि तेव्हा त्यांना तुमचा पत्ता माहीत असावा लागतो.