पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के नव्हे: गुलमर्गला स्कीइंगला जाताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स करायला जाणारी मंडळी आता बरीच आहेत. कोर्सच्या सपाट उतारावर हिमस्खलनाची काळजी नसते. काळजी सुरू होते ती गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा पकडून अफरवट डोंगरावर, म्हणजे जवळजवळ ४,००० मीटरवर पोचल्यानंतर.

“तीनच तर आहे!”

हिमस्खलनाच्या धोक्याचे पाच स्तर असतात: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतिजास्त. आपल्या डोक्यात परीक्षेचे गुण पक्के बसलेले, त्यामुळे तीन म्हणजे ‘मधलं, चालेल’ असं वाटतं. पण हे आकडे सरळ जिन्यासारखे चढत नाहीत. प्रत्येक पायरीला धोका कैक पटींनी वाढतो. स्तर तीनला एकट्या स्कीअरच्या वजनानंही बर्फ सुटू शकतो. युरोपात सर्वाधिक बळी याच स्तराला जातात, कारण चार-पाचला लोक घाबरून खाली थांबतात आणि तीनला निघतात. मुळात अपघातातलं हिमस्खलन बहुतेक वेळा त्यात सापडलेल्यानं किंवा त्याच्या सोबत्यानंच सुरू केलेलं असतं.

फक्त आकडा वाचणं

काश्मीरचा हिमस्खलनाचा इशारा जिल्हावार येतो आणि त्यात उंचीही दिलेली असते: अमुक मीटरच्या वर, पुढचे २४ तास. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात. गाव २,६५० मीटरवर, त्यामुळे ‘२,८०० मीटरच्या वर’ असा इशारा असेल तर हॉटेलची खोली सुरक्षित, पण गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो तिथपासूनच तुम्ही इशाऱ्याच्या हद्दीत. शिवाय तो आकडा अख्ख्या जिल्ह्याचा. तुमच्या पायाखालच्या उताराचा नाही. वाऱ्यानं बर्फ ज्या बाजूला नेऊन टाकलाय, ती बाजू जास्त वाईट.

बर्फ थांबला, ऊन पडलं, चला!

ही सगळ्यात मोहात पाडणारी चूक. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला एक रशियन. दोन्ही वेळा आधी जोरदार बर्फवृष्टी झाली होती. खिलनमर्गलाच फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराचे प्रशिक्षण घेणारे जवान गाडले गेले होते, म्हणजे बर्फात मुरलेली माणसं!

होतं काय, तर जुना बर्फ थंडीत कोरडा, दाणेदार होतो. मुठीत घेऊन दाबा. लाडू वळत नाही, साखरेसारखा बोटांतून गळतो. त्यावर नव्या बर्फाची आणि वाऱ्याची घट्ट स्लॅब बसते. घराच्या स्लॅबखाली खांब असतात, इथे खाली साखर. स्कीखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा समोर तडा पळताना दिसला, तर त्या दिवसापुरतं स्कीइंग संपलं. ३० अंशांहून कमी उताराकडे वळा, पण वर तीव्र चढ लटकत नाही ना तेही बघा. फोनमधल्या ॲपवर उताराचा कोन मोजता येतो. ३० ते ४५ अंश हा धोक्याचा पट्टा, आणि नेमका स्कीइंगला मजेचाही.

“पुढे खुणा आहेत की!”

सह्याद्रीत पायवाट दिसली की आपण निश्चिंत होतो. इथे आधीच्या दहा जणांच्या खुणा कसलीच हमी देत नाहीत. अकराव्याच्या वजनानंही स्लॅब सुटते. संशयाचा उतार एकेकानं ओलांडायचा, बाकीच्यांनी बाजूच्या सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची.

सामान आहे, सराव नाही

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा दाखवणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तरच खरी आशा. खालून मदत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून हॉटेलमागच्या बर्फात एक ट्रान्सीव्हर पुरून शोधून बघा, घड्याळ लावून. आणि मोबाईल छातीशी, ट्रान्सीव्हरच्या जवळच्या खिशात ठेवू नका. शोधताना तर तो किमान अर्धा मीटर लांब हवा, नाहीतर ट्रान्सीव्हरवरचा दिशादर्शक बाण भलतीकडेच फिरतो.