४२९४९६७२९७ मूळ आहे का? तपासताना या चुका टाळा

२ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ४२९४९६७२९७ येते. घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत नेला की याच साच्यातल्या आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मिळतात. त्या पाचही मूळ आहेत, म्हणून पुढच्याही मूळच असणार असं फर्मा या गणितज्ञाला वाटलं. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरनं हिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. सरावाला यापेक्षा चांगली संख्या मिळणं कठीण.

सगळ्यात फसवी चूक स्वल्पविरामांची. आपण लिहितो ४,२९,४९,६७,२९७. पण ७, ११ आणि १३ ची एकत्र कसोटी १००१ (७ × ११ × १३) वर उभी आहे, त्यामुळे गट उजवीकडून तीन-तीन अंकांचेच हवेत: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला तिघांपैकी कुणानंच भाग जात नाही, म्हणजे आपल्या संख्येलाही नाही. आपल्या स्वल्पविरामांप्रमाणे गट पाडले तर २५४ येतात. त्यालाही भाग जात नाही! उत्तर योगायोगानं जुळतं आणि चूक पुढच्या गणितापर्यंत लपून राहते.

अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ही बाद. इथे थकून ‘मूळ आहे’ लिहून मोकळं होऊ नका. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. त्या सगळ्यांनी भागत बसणंही वेडेपणाच. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्यालाच काम झालं.

पडताळा तोंडी होतो. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ चालतं. म्हणजे −२^३२ ची बाकी १, आणि २^३२ + १ ची शून्य.

एक अवयव सापडला की थांबणारेही बरेच. भागाकार ६७००४१७ मूळ आहे का, तेही बघावं लागतं. गणितज्ञ ल्युकासनं ६४ च्या जागी १२८ चालतं हे दाखवलं, आणि ६४१ पेक्षा लहान अवयव आधीच बाद झालेत, त्यामुळे ६७००४१७ च्या वर्गमूळापर्यंत ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्यांनीच भागून बघायचं. एकानंही भाग जात नाही. म्हणून ६७००४१७ मूळ, आणि ४२९४९६७२९७ चे एकूण विभाजक चारच.

फर्माची कसोटी सांगते की संख्या मूळ असेल, तर पायाचा त्या संख्येपेक्षा १ ने कमी असलेला घात घेऊन तिनं भागल्यावर बाकी १ उरते. २ पाया धरून ही कसोटी लावाल तर ४२९४९६७२९७ बिनदिक्कत पास होते. पाया ३ घ्या, पितळ उघडं पडतं.

संगणकावर वेगळीच गंमत. ३२ बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकात ही संख्या मावत नाही, १ होऊन बसते. एक्सेल पंधरा अंकच धरतं, त्यामुळे याच साच्यातली पुढची संख्या (२^६४ + १), म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७ टाकली की शेवटचे पाच अंक शून्य होतात आणि विषम संख्या १० ने भागली जाते. एवढी मोठी संख्या पायथॉनमध्ये पूर्णांक म्हणूनच टाका, आणि भागाकाराला एकेरी तिरकी रेघ न वापरता दुहेरी वापरा. एकेरीनं उत्तर दशांशात येतं आणि शेवटचे अंक पुन्हा हरवतात.