दहावीनंतर पाककलेचे पहिले प्रमाणपत्र

लग्नाच्या पंगतीसाठी दोनशे पानांचे वरण आणि वांग्याची भाजी निव्वळ अंदाजाने जमवणारे हात विदर्भात गावोगाव आहेत. मात्र हॉटेल किंवा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात नोकरी मागायला गेले की आधी प्रमाणपत्र विचारले जाते. माझ्या मते त्यासाठी सर्वांत सरळ मार्ग आयटीआयमधील ‘फूड प्रॉडक्शन (जनरल)’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याला दहावी उत्तीर्ण असणे पुरेसे असते.

प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. हा अभ्यासक्रम प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये नसतो, म्हणून पसंतीक्रम देण्यापूर्वी तो कोठे आहे आणि तेथे राहण्याची किंवा एसटीने रोज जाण्यायेण्याची सोय कशी होईल, हे पाहावे. अधिवास, जात आणि उत्पन्नाचे दाखले निकालाआधीच सेतू केंद्रातून काढावेत. मी ऐन पेरणीच्या घाईत दाखल्यामागे लागलो आणि पहिली फेरी हातची गेली. ‘तीन महिन्यांत शेफ’ अशी जाहिरात दिसल्यास, प्रमाणपत्राला एनसीव्हीईटी या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण परिषदेची मान्यता असेल का, एवढे आधी विचारावे.

प्रवेश मिळेपर्यंत घरी हात तयार करता येतो. विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी फिरते; कापायच्या पाटावर (चॉपिंग बोर्डवर) नेमके उलटे, भाजी स्थिर आणि सुरी फिरती. त्यामुळे डाव्या हाताची बोटे आत दुमडून, सुरी पेरांना टेकवत चालवण्याची सवय लावावी. गाजराच्या साधारण 3 मिलिमीटर जाडीच्या, 4 सेंटिमीटर लांबीच्या सारख्या काड्या पडू लागेपर्यंत वेगाचा विचार करू नये. वाकड्यातिकड्या पडलेल्या काड्या कढीत किंवा रश्श्यात खपून जातात.

खरी अडचण मापाची होते. अर्धा लिटर दुधाच्या व्हाइट सॉससाठी 30 ग्रॅम लोणी आणि 30 ग्रॅम मैदा मंद आचेवर, रंग न चढू देता, दोनेक मिनिटे परतायचा आणि दूध थोडे थोडे घालत घोटायचे, इतकीच ती कृती आहे. तरीही गंजात एकदम दूध ओतणाऱ्याच्या हाती गुठळ्याच लागतात. घरात वजनकाटा आणून आईच्या पाटोडीचे बेसन एकदा तोलून वहीत लिहून ठेवावे. त्या वहीत कोथिंबिरीला विदर्भातल्या बोलीप्रमाणे ‘सांबार’ लिहिले तर चालेल, पण संस्थेच्या जर्नलमध्ये ‘कोथिंबीर’ लिहावे, नाहीतर बाहेरचा परीक्षक इडलीसोबतचे सांबार समजेल.

स्वच्छतेच्या धड्यात 5 ते 60 अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा पाठ करून घेतात, कारण त्यात जंतू झपाट्याने वाढतात. चंद्रपूरचा मे महिन्यातला पारा 45 च्या आसपास जातो. म्हणजे ओट्यावर झाकून ठेवलेला भात दिवसभर त्याच पट्ट्यात असतो. कच्चे मांस आणि शिजलेले अन्न यांचे पाट आणि सुऱ्या वेगळ्या ठेवण्याचा नियमही असाच निरपवाद असतो.

परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के उपस्थिती लागते आणि प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के गुण लागतात. सोयाबीनच्या काढणीसाठी गावी सुट्टी काढताना हा हिशेब लक्षात ठेवावा. उत्तीर्ण झाल्यावर मोठ्या हॉटेलात विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी करता येते. ती पूर्ण करून परीक्षा दिल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र वेगळे मिळते.